पहिल्या मोगरीचा फोटो

सरकारच्या 'कालजोड' योजनेची, जुने फोटो जुळवणारी गाडी वडनोदला आली त्या दिवशी अर्ध्या गावानं मला विचारलं, "हर्षाली, आता तुझ्या स्टुडिओचं कसं गं?" कसं म्हणजे काय? माझं दुकान लग्नं, पासपोर्ट आणि हार घातलेल्या फ्रेमा यांच्यावर चालतं, आणि या तिन्ही गोष्टी अजून कुठल्या यंत्रानं बंद पाडलेल्या नाहीत. उलट, गाडीबरोबर गावातलाच एक माणूस शिकवून नेमायचा असा सरकारी नियम होता, आणि फोटोतलं गावात मलाच कळतं म्हणून नेमणूक माझी झाली. गळ्यात ओळखपत्र अडकवून मी गाडीच्या पायरीवर बसले, तेव्हा विचारायला आलेले सगळे गुपचूप घरी जाऊन आपापल्या ट्रंका उघडायला लागले.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. आधी गाडी गावभर फिरते, प्रत्येक भिंतीचे आणि कोपऱ्याचे लाखो फोटो काढते आणि त्यातून आजच्या गावाची हुबेहूब प्रतिकृती बनवते. मग लोकांनी आणलेला जुना फोटो तिच्यात टाकायचा. जुन्या फोटोतलं काही ना काही आजही उभं असतंच. एखादी कमान, देवळाचा कळस, मागची टेकडी. कळस टेकडीच्या किती डावीकडे दिसतो, कमान किती मोठी दिसते, यावरून यंत्र हिशेब मांडतं की असं दिसायला कॅमेरा नेमका कुठं हवा. तुम्हीही करून बघा ना. खिडकीत बसून डोकं जरा हलवलं की गजामागचं झाड सरकतं, बरोबर एकाच जागेवरून ते आधीसारखं दिसतं. ती जागा यंत्र शोधून काढतं. तिथं आम्ही जमिनीत पितळेची टिकली ठोकायची. टिकलीवर उभं राहून गाडीतला खास चष्मा घातला की समोर आजचा रस्ता, आणि त्याच्यावर अगदी मापात बसलेला शंभर वर्षांपूर्वीचा रस्ता, माणसांसकट.

दुसरी युक्ती सावलीची. कॅमेऱ्याची जागा आणि रोख कळला की फोटोतल्या सावल्यांवरून सूर्य आकाशात कुठं होता ते निघतं, आणि सूर्यावरून दिवस आणि वेळ. एकाच अटीवर, सावली स्वच्छ हवी.

पहिल्या आठवड्यात जी काही मजा झाली, माय माय! शाळेतले झोपेसर आयुष्यभर सांगत आले, "हा आमच्या आजोबांचा बंगला." यंत्रानं तो बंगला सरकारी डाक बंगल्यावर नेऊन बसवला, आणि आजोबा साहेबाचा घोडा धरून उभे. चौधरींच्या पणजी-पणजोबांच्या वरातीचा फोटो जिथून काढला होता, तिथं आता नगरपालिकेची मुतारी आहे. अख्खं चौधरी कुटुंब रांगेनं आत जाऊन, नाकाला पदर लावून, वरात बघून आलं. धाकटी चौधरीण बाहेर येऊन मला म्हणाली, "काकू, पणजी काय देखणी होती वो! पण वास मारला."

अशा हसण्याखिदळण्यात मंदिराचे अध्यक्ष बालाजीच्या रथाचा फोटो घेऊन आले, आणि माझं हसणं संपलं.

आता रथाचं सांगावं लागेल. वडनोदचा रथ तीनमजली घराएवढा उंच, अख्खा सागवानी, आणि त्याला वळवायला काही म्हणजे काही नाही. रथ वळतो तो मोगरीनं. मोगरी म्हणजे लाकडाची जाड पाचर, वर धरायला मूठ. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या चाकाखाली ती सारायची. ते चाक अडतं, दुसरं फिरतं, रथ वळतो. सारणारा माणूस चाकाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत असतो आणि समोरून रथ त्याच्या अंगावर येत असतो. क्षणभर आधी सारली तर रथ भिंतीला घासतो, क्षणभर उशीर झाला तर काय होतं ते सांगायला नको.

देऊळ पूर्वेला तोंड करून आहे. दारातून निघालेला रथ चौकात आला की उत्तरेला बाजारवेस, दक्षिणेला नदीवेस. पहिलं वळण ज्या वेशीकडे, तिचा पहिल्या मोगरीचा मान. मध्ये प्लेगामुळे आणि मग भांडणांमुळे रथ बरीच वर्षं बंद होता. स्वातंत्र्यानंतर परत सुरू करायचा ठरला, तेव्हा पहिलं वळण कुठलं यावर डोकी फुटायची वेळ आली. शेवटी देवळातला जुना फोटो काढला. त्यात रथ सरळसरळ बाजारवेशीकडे वळतोय. एक फेटेवाला मान खाली घालून, डाव्या हातानं, चाकाखाली मोगरी सारतोय. वाद मिटला. मान बाजारवेशीला, म्हणजे आमच्या वारक्यांच्या घराला मिळाला.

आणि फोटोत डावा हात आहे, म्हणून पहिली मोगरी डाव्याच हातानं लावायची अशी रीत पडली. पुढच्या वळणांना लोक दोन्ही हात लावतात, पण पहिली डाव्या हाताची. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी फोटो बघून डावा हात घडवला, त्यांनी मुलाचा, मुलानं अण्णांचा. का डावा, याच्या गावात तीन पोथ्या आहेत. बालाजीचा शंख डाव्या हातात असतो, ही त्यातली सगळ्यात शहाणी.

अण्णा, म्हणजे माझे सासरे डिगंबर वारके, आता सत्तरी ओलांडून गेलेत. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, केळीचे वेफर्स फार सुंदर तळतात, पण रथाचं चाक दिसलं की दोन पावलं मागं सरतात. राहिली माझी चार्वी. पोरीनं मोगरी लावायची म्हटल्यावर गावात वर्षभर गदारोळ झाला. अण्णांनी भर सभेत सांगितलं, "मान घराण्याचा आहे भो, मिशीचा नाही!" गाव शेवटी कबूल झालं. तेव्हापासून दोन वर्षं चार्वी दर शनिवारी जळगावच्या कॉलेजातून घरी यायची आणि केळीच्या ट्रॉलीच्या चाकापुढे उलट्या पावलांनी चालायची. डावा हात तयार व्हावा म्हणून डाव्या हातानं जेवायची. शेजारणी नावं ठेवायच्या, मी त्यांच्या नावानं बोटं मोडायचे. येत्या कार्तिकी पौर्णिमेला वडनोदच्या इतिहासात पहिल्यांदा एका मुलीच्या हातानं रथ वळणार होता, आणि ती मुलगी माझी होती. मला तर रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

अध्यक्षांचं म्हणणं होतं, पौर्णिमेला रथ निघायच्या आधी सगळ्या गावानं चष्मे लावून जुना रथ बघायचा. मी फोटो यंत्रात टाकला. पडद्यावर अक्षरं आली: जुळत नाही. सूर्य उत्तरेला.

अध्यक्ष पोट धरून हसले. "सूर्य उत्तरेला? कार्तिकात? अहो, या यंत्राला शाळेत घाला!"

मीही हसले. कार्तिकात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेकडून कलून जातो, हे पोरासोरांना कळतं. तेव्हाच तर आपण उन्हाला पाठ देऊन अंगणात बसतो. सावल्या उत्तरेकडे पडायला हव्यात. फोटोत सगळ्या दक्षिणेकडे पडल्या होत्या. मी म्हटलं, फोटो जुना आहे, डाग पडले असतील, उद्या बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाग नीट बघायला फोटो मोठा केला आणि माझं लक्ष माणसांच्या कोटांकडे गेलं. सगळ्यांची बटणं उलट्या बाजूला. लग्न होऊन आले तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, त्या काळची फॅशनच तशी. मी म्हटलं होतं, असेल. अगं बाई, इतकी वर्षं स्टुडिओ चालवतेस, डोळे काय गहाण ठेवले होतेस? तेव्हा फोटो काचेवर उतरवायचे. काच दोन्ही बाजूंनी आरपार दिसते. छापताना ती पालथी ठेवली तरी फोटो झकास निघतो, फक्त डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. बाहेरगावचा कुणी फोटोग्राफर आला असेल, घाईत काच पालथी पडली असेल, आणि आपण दिलेला फोटो पुढं अख्ख्या गावाचं दैवत होईल हे त्याच्या गावीही नसेल.

पण देवळासमोर दोन दीपमाळा जुळ्या बहिणींसारख्या, आजूबाजूची जुनी घरं मागं पेठेला लागलेल्या आगीत गेलेली. उलटं काय आणि सुलटं काय, ओळखणार कसं? मी यंत्राला सांगितलं, फोटो पालटून बघ. ते बघायला लागलं. गाडीचा एक कॅमेरा उजेड नाही, उष्णता बघतो. सिमेंट आणि दगड उन्हात सारखे तापत नाहीत. चुन्याच्या थरांखाली उत्तरेकडच्या दीपमाळेच्या तिसऱ्या टप्प्याला सिमेंटचा तुकडा निघाला. तिथला कोपरा कधीतरी उडाला होता, कुणीतरी लिंपला होता. पालटलेल्या फोटोत तोच कोपरा, त्याच दीपमाळेचा, तुटलेला दिसत होता. न पालटलेल्या फोटोत तो दुसऱ्या दीपमाळेला होता, आणि ती तर धडधाकट आहे.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली: जुळला. कार्तिकी पौर्णिमा, सकाळ. रथाचं पहिलं वळण दक्षिणेला, नदीवेशीकडे. फेटेवाल्याचा हात उजवा.

म्हणजे मान आमचा नव्हताच.

मी पडदा बंद केला. पौर्णिमा आठवड्यावर आली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. पडद्यावर एकच बटण दाबायचं होतं, "जुळत नाही", आणि गाडी पुढच्या गावाला गेली असती. कुणाचं काय बिघडलं असतं? रथाला कुठं कळतं?

त्याच दुपारी बापू आले.

बापू म्हणजे नदीवेशीचे मुरलीधर फिरके, ऐंशीचे. वडनोदमध्ये कुणी थाप मारली की म्हणतात, "हा बापूचा रथ आहे." का, तर बापू शाळेत असल्यापासून एकच सांगत आलेत की माझी आजी नवी नवरी होती तेव्हा रथ पहिला आमच्या दारी आला होता. शाळेत पोरं मागं लागायची, मोठेपणी माणसं. माझ्या लग्नात मलाही हळद लागायच्या आधी ही म्हण कळली होती.

बापू गाडीच्या पायरीशी उभे राहिले. चप्पल बाहेर काढली, देवळात काढावी तशी.

"पोरी, रथाचा फोटो टाकला म्हणे यंत्रात."

"टाकलाय बापू."

"मला मानबिन नको. या वयात मान घेऊन काय लोणचं घालू? एवढंच विचार त्याला, माझी आजी खोटं बोलली का. ती खोटं बोलणारी बाई नव्हती गं."

मी पडद्याकडे बघितलं, ओळखपत्राकडे बघितलं, बापूंकडे काही बघवेना. "अजून जुळतोय बापू," म्हटलं. ते "बरं बरं" म्हणून चप्पल घालून गेले, आणि मला स्वतःचीच इतकी चीड आली की पुढच्या माणसाच्या मुंजीचा फोटो मी उलटा टाकला.

संध्याकाळी, रथासाठी सुट्टी काढून आलेली चार्वी ओसरीवर मोगरीला तेल लावत होती. मी सगळं सांगून टाकलं. तिनं मोगरी खाली ठेवली.

"म्हणजे मी दोन वर्षं डाव्या हातानं वरण ओरपलं ते उगाच?"

"उगाच नाही गं..."

"उगाचच! पोरं हसली, तू शेजारणींशी भांडलीस, मी मनगट सुजवून घेतलं. आणि आता मान आपला नाही?" तिचे डोळे भरले. मग एकदम थांबून म्हणाली, "बापूआजोबांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"तुझ्यासाठी."

"माझ्या नावावर नको घालू मम्मी. मला लावायचीय मोगरी. लई लावायचीय. पण त्या माणसाला लबाड ठरवून नाही लावायची." एवढं बोलून ती आत गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली. मी दाराबाहेर उभी. माझी पोर माझ्यापेक्षा चांगली निघाली याचा आनंद मानावा की तिच्याबरोबर रडावं, ते कळेना. मग दोन्ही केलं.

अण्णांना सांगणं त्याहून अवघड होतं. ते आधी तोंडानं फटाके फोडल्यासारखे बरसले. यंत्र खोटं, सरकार खोटं, मी सून म्हणून खोटी. "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तीन पिढ्या काय आंधळ्या होत्या?"

"अण्णा, मी सांगत नाही. तुम्हीच बघा."

सकाळी ऊन वर आल्यावर चौकात यंत्रानं काढलेल्या जागी टिकली ठोकून त्यांना तिच्यावर उभं केलं आणि चष्मा घातला. आधी देवळातला फोटो, जसा आहे तसा. रथ समोर उभा राहिला, खराखुरा, तोरणांसकट, आणि अण्णांनी आपसूक हात जोडले.

"आता खाली बघा अण्णा. दीपमाळेची सावली."

दीपमाळेला दोन सावल्या होत्या. आजची उत्तरेकडे, फोटोतली दक्षिणेकडे.

"आता पालटते."

फोटो पालटला. जुनी सावली उचलून आजच्या सावलीवर येऊन पडली. महिना तोच, वेळ जवळजवळ तीच, बोटभराचा फरक. अण्णा वाकले, सावलीच्या कडेवरून चप्पल फिरवली. रथ नदीवेशीकडे वळत होता. फेटेवाला उजव्या हातानं मोगरी सारत होता. अण्णा त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिले.

"काय सुरेख सारतोय रे," ते हळूच म्हणाले. "मनगट बघ. म्हणून माझं कधी असं बसलं नाही. मी म्हणायचो, माझ्यातच खोट आहे."

चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मग पायात चप्पल सारखी करून म्हणाले, "चल."

"कुठं?"

"मुरलीधरकडे. तू पण चल, आणि पोरीला घे. एकट्याला मला बोलायचं सुधरायचं नाही."

बापू अंगणात तुराट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होते. हे दोघं म्हातारे एका शाळेतले, पण गेली कित्येक वर्षं एकमेकांच्या वाटेला गेले नव्हते. अण्णा दारात उभे राहिले आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "मुरलीधर, मान तुझा आहे."

"कुठला मान?" बापू वांगं परतत म्हणाले.

"पहिल्या मोगरीचा. फोटो पालथा होता. रथ आधी तुमच्याकडे वळला होता. तुझी आजी खरी होती."

बापूंचा हात थांबला. वांगं एका बाजूनं जळायला लागलं.

"परत म्हण."

"मान तुझा आहे. आजी खरी होती."

"मोठ्यानं म्हण. आमच्या हिला कमी ऐकू येतं, आणि आयुष्यभर तिनं पण टोमणे खाल्लेत."

अण्णा अंगणात उभे राहून मोठ्यानं ओरडले, "वहिनी! मुरलीधरची आजी खरी होती!" आतून काकूंचा आवाज आला, "मला काय सांगता? मला ठाऊकच होतं!" बापू हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि म्हणे धूर लागला. धूर तर दुसऱ्याच बाजूला जात होता.

हसून झाल्यावर त्यांनी जळकं वांगं जाळातून बाजूला काढलं. "पण डिगंबर, मान घेऊन करू काय? आमच्या वेशीत पहिलं वळण कुणाला येतंय? कुणी कधी लावलीच नाही." त्यांनी नातवाला नाशिकला फोन लावला. नातू दातांचा डॉक्टर. तो म्हणाला, "बापू, अभिनंदन! पण माझ्या हातांचा विमा उतरवलाय, कंपनी रथाचं चाक मान्य नाही करायची."

"आठवड्यात कुणी शिकत नाही," अण्णा म्हणाले. "चाकाखाली जाईल."

बापूंनी माझ्यामागं उभ्या असलेल्या चार्वीकडे बघितलं. "मान नदीवेशीचा, हे पक्कं?"

"पक्कं."

"मग मोगरी कुणाच्या हातात द्यायची, ते मी ठरवणार?"

"तूच ठरवणार."

"मग तू मधे बोलू नकोस." ते चार्वीकडे वळले. "पोरी, आमची मोगरी लावशील का?"

चार्वी माझ्यामागून पुढं आली. "मी? पण मी तर बाजारवेशीची."

"रथाला माहेर-सासर नसतं. लावशील का ते सांग."

"उजव्या हातानं लावायची?"

"फोटोत कुठला आहे?"

"उजवा."

"मग उजवा."

चार्वी एकदम खळखळून हसली. "बापूआजोबा, मी मुळात उजवीच आहे वो!"

गावात काय काय झालं ते विचारू नका. बाजारवेशीनं यंत्राला शिव्या दिल्या, मग मला दिल्या. कुणी म्हणालं, नदीवेशीवाल्यांनी गाडीवाल्यांना भरीत-भाकरी खाऊ घातली. मी म्हटलं, गाडीवाली मी आहे, आणि मी माझ्या घरची भाकरी खाते. चौकात या, घाला चष्मा, बघा सावली. लोक येत गेले, बघत गेले, बडबडत परत गेले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? एकानं तरी शेवटचा खडा टाकलाच, "नदीवेशीचा मान वारक्यांच्या पोरीला कसा चालतो?" बापू म्हणाले, "मान माझा आहे. मी तो दीपमाळेला देईन. तुझं काय जातं?" अध्यक्षांनी घाम पुसून होकार दिला.

राहिलेले दिवस अण्णा आणि चार्वी ट्रॉलीच्या चाकापाशी. दोन वर्षांची सवय, तिचा डावा हात आपोआप पुढं यायचा. अण्णांनी तो तिच्या पाठीशी ओढणीनं बांधून टाकला. स्वतः मोगरी घेऊन त्यांनी उजव्या हातानं सारून दाखवली, आणि ती अशी बसली की दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. या वयात म्हाताऱ्याला आपला हात सापडला होता.

पौर्णिमेची सकाळ. चौकात तीळ ठेवायला जागा नाही. गच्च्या, झाडं, पाण्याच्या टाक्या, सगळीकडे माणसं. पूजा झाली, रथ हलला, चाकांचा तो पोटात जाणारा आवाज सुरू झाला. चार्वी उजव्या चाकासमोर, फेटा बांधून, उलट्या पावलांनी. डावा हात आज मोकळा होता. आमचे हे माझा हात घट्ट धरून डोळे मिटून उभे. मी डोळे उघडे ठेवले, कारण कुणीतरी ठेवायला हवे होते. बालाजी, माझ्या लेकराला सांभाळ, एवढंच तोंडात.

चाक चौकाच्या फरशीवर आलं. चार्वी वाकली. डावा हात जरा हलला. मग उजवा हात खालून आला, सरळ, न घाबरता, आणि मोगरी चाकाखाली गेली. लाकूड करकरलं. अख्खा रथ एका बाजूला डुलला, कळस हलला, दुसरं चाक फिरलं, फिरलं, आणि बालाजीचं तोंड नदीवेशीकडे झालं. चार्वी बाजूला उडी मारून उभी राहिली. सुखरूप.

आणि चौकात चिडीचूप शांतता.

कारण काय, तर मोगरी नीट बसली की ज्या वेशीचा मान तिनं "लागली!" म्हणून ओरडायचं असतं, आणि दुसऱ्या वेशीनं तोंड बंद ठेवायचं असतं. ते ओरडणं थांबलं की मगच रथ पुढं निघतो. बाजारवेशीची सगळी तोंडं उघडली होती, ती रीत आठवून मिटली. आणि नदीवेशीला आपण ओरडायचं असतं हे कुणाच्या लक्षातच येईना. ती बिचारी इतकी वर्षं तोंड मिटून उभी राहत आली होती.

अण्णांनी बापूंना कोपरानं ढोसलं. "अरे मुरलीधर, ओरड की! आता तुझं काम आहे ते."

बापूंनी इकडं तिकडं बघितलं. मग काठी बगलेत मारली, दोन्ही हात वर केले आणि ऐंशी वर्षांच्या छातीत होतं नव्हतं तेवढं काढून ओरडले, "लागलीऽऽ!"

नदीवेस फुटली. पोरं, म्हाताऱ्या, गच्चीवरच्या सुना, सगळ्या एका सुरात. मी रडत होते, हसत होते, आणि नियम मोडून ओरडतही होते. चार्वी धावत येऊन बापूंच्या पाया पडली, त्यांनी तिला उठवलं आणि परत ओरडले. लोक दमले, गप्प झाले, दोरवाल्यांनी दोर ताणले, तरी बापूंचं चालूच. "लागली! लागली!"

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बस कर आता, मुरलीधर. देवाला पुढं जायचंय."

"थांबेल देव," बापू म्हणाले. "मी नाही का थांबलो?"

आणि श्वास घेऊन ते परत ओरडले.